मराठी चर्चामंच बांधायला घेताना फ्रेमवर्क कोणतं निवडावं

धागा, धाग्याखालचे प्रतिसाद आणि ते लिहिणारे सदस्य. डेटाबेसमध्ये तीन टेबलं, वर दोन-चार पानं. एवढा फोरम कोणत्याही फ्रेमवर्कमध्ये (वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यात) एका संध्याकाळी उभा राहतो, म्हणून एवढ्यावरून फ्रेमवर्क निवडू नये. खरं काम त्यानंतर सुरू होतं. पासवर्ड विसरलेल्याला मेल पोचला पाहिजे, डुआयडी (एकाच माणसाची दुसरी, खोटी खाती) ओळखता आले पाहिजेत, भांडण पेटलेल्या धाग्याला कुलूप लावता आलं पाहिजे, आणि उडवलेल्या प्रतिसादाबद्दल तक्रार आली तर तो पुन्हा काढून दाखवता आला पाहिजे. यातलं किती काम फ्रेमवर्क आयतं देतं आणि देवनागरीशी ते नीट वागतं का, हे दोन प्रश्न निवडीला पुरेसे आहेत. 'सेकंदाला किती रिक्वेस्ट' छापाचे तक्ते बाजूला ठेवा. फोरमच्या पानाचा बराचसा वेळ डेटाबेसमध्ये जातो, आणि तिथली चूक कोणतीही भाषा झाकू शकत नाही.

मुळात लिहायचंच आहे का?

बहुतेकांसाठी उत्तर 'नाही' असं आहे. डिस्कोर्स (रेल्स, एम्बर, पोस्टग्रेस, रेडिस), फ्लेरम (पीएचपी, आत लॅराव्हेलचे सुटे भाग), नोडबीबी (नोड), मिसागो (जँगो) आणि २००० सालापासून चालत आलेलं पीएचपीबीबी ही सगळी मुक्त सॉफ्टवेअर आहेत. मायबोली, मिसळपाव, मनोगत ही मराठीतली जुनी नावं ड्रूपल या तयार संकेतस्थळ-प्रणालीवर चालत आली, तीही तयार मालावरच. पण ड्रूपल ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला, तेव्हा आज नव्याने त्या आवृत्तीवर काही उभारू नका.

स्वतः लिहिण्याची सबळ कारणं दोनच. एक, फोरम आधीच चालू असलेल्या अॅपचा भाग व्हायचा आहे: संस्थेचे सभासद, अभ्यासक्रमाचे विद्यार्थी, लॉगिन एकच. अशा वेळी ते अॅप ज्या फ्रेमवर्कमध्ये आहे तेच घ्या, निवड तिथेच संपली. दोन, तुमचे नियम इतके वेगळे आहेत की तयार सॉफ्टवेअर वाकवण्यापेक्षा नवं लिहिणं सोपं. 'दिसायला वेगळं हवं' हे कारण धरू नका, त्याला थीम पुरते.

सपाट की फांद्यांचा?

फ्रेमवर्कच्या आधी हे ठरवा, कारण टेबलाची रचना यावर अवलंबून आहे. सपाट म्हणजे प्रतिसाद वेळेच्या क्रमाने एकाखाली एक, आणि उत्तर द्यायचं ते अवतरण घेऊन. फांद्यांचा म्हणजे प्रतिसादाला उपप्रतिसाद, त्याला आणखी उपप्रतिसाद.

फांद्या हव्या असतील तर नुसता 'पालक आयडी' ठेवून टेम्पलेटमध्ये फिरत बसू नका. दर पातळीला नवी क्वेरी सुटते आणि तीनशे प्रतिसादांचा धागा रांगू लागतो. प्रत्येक प्रतिसादासोबत त्याचा पूर्ण मार्ग साठवा, उदाहरणार्थ '०००१२.०००५७'. त्या रकान्यावर क्रम लावला की एका क्वेरीत सगळं झाड योग्य क्रमाने मिळतं. ड्रूपल प्रतिसादांसाठी याच जातीची युक्ती वापरतं. आकड्यांपुढची शून्यं विसरलात तर '१०' हा '२' च्या आधी येईल. खोलीला मर्यादा घाला. मोबाइलच्या पडद्यावर सहाव्या पातळीनंतर एका ओळीत दोन शब्द उरतात.

आमचं मत सपाट रचनेच्या बाजूने आहे. धाग्यातल्या प्रत्येक प्रतिसादाला १, २, ३ असा क्रमांक द्या आणि 'धागा आयडी + क्रमांक' या जोडीवर युनिक बंधन घाला. मग ४०१ ते ४५० हे पान थेट क्रमांकावरून काढता येतं. 'ऑफसेट' वापरलात तर डेटाबेस आधीच्या चारशे ओळी वाचून फेकून देतो आणि धागा वाढेल तसं शेवटचं पान मंदावतं. प्रतिसाद उडवला तरी ओळ पुसायची नाही, नाहीतर क्रमांकांत खड्डे पडतात आणि 'प्रतिसाद क्र. ३७ पहा' असं लिहिणारे सगळे खोटे पडतात.

उमेदवार

जँगो. पायथनवरचं. जँगो अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत तयार झालं आणि २००५ मध्ये खुलं झालं. त्याचा बातमीदारी वारसा अजून दिसतो. संपादकांसाठीचा अॅडमिन आयता मिळतो, आणि फोरमला पहिले सहा महिने तेवढं संपादकीय दालन पुरतं. लॉगिन, गट, परवानग्या, मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतले बदल लागू करण्याची सोय) हे सगळं आत आहे. मेल पडताळणी मात्र आत नाही, त्यासाठी ऑलऑथ हे पॅकेज जोडावं लागतं. ठरावीक वेळात किती प्रतिसाद टाकता येतील यावरचं बंधनही बाहेरून आणावं लागतं.

लॅराव्हेल. २०११ पासूनचं, पीएचपीवरचं. मेल पडताळणी, रांगेत टाकायची कामं, रिक्वेस्टवरची मर्यादा, 'उडवलं पण पुसलं नाही' असं डिलीट या चारही गोष्टी घरच्या आहेत, आणि फोरमला नेमक्या याच लागतात. अॅडमिन मात्र स्वतः बांधा किंवा फिलामेंटसारखं पॅकेज घ्या. भारतातल्या स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर सहज चालणारं, इथल्या उमेदवारांपैकी हे जवळपास एकमेव फ्रेमवर्क आहे, आणि बजेट वर्षाला काही हजारांचं असेल तर हा मुद्दा निर्णायक ठरतो.

रेल्स. रुबीवरचं. डिस्कोर्स याच्यावर उभं आहे, म्हणजे फोरमसाठी हे कसाला उतरलेलं आहे यात वाद नाही. आठव्या आवृत्तीपासून लॉगिनचा सांगाडा जनरेटर बनवून देतो, पण नव्या सदस्याची नोंदणी त्यात नसते, ती लिहावी लागते. गावात रुबी जाणणारी दुसरी व्यक्ती मिळेल का, हे आधी तपासा.

एक्सप्रेस (जावास्क्रिप्ट) किंवा नुसतं फास्टएपीआय (पायथन). ही फोरमसाठी घेऊ नका. दोन्ही चांगली आहेत, पण लॉगिन, सेशन, मायग्रेशन, मेल, परवानग्या प्रत्येक गोष्टीसाठी वेगळी लायब्ररी निवडावी लागते आणि दोन वर्षांनी त्यातल्या निम्म्या कोणी सांभाळत नसतं. नेक्स्टसारखी रिअॅक्टवरची फ्रेमवर्क घेतलीत तरी मागचा हा सगळा भाग उरतोच.

फिनिक्स (एलिक्सर). हजारो लोक एकाच वेळी थेट गप्पा मारणार असतील तर उत्तम. पण ती चॅट झाली. फोरमवर 'नवीन २ प्रतिसाद' एवढी पट्टी दाखवायला तीस सेकंदांनी एकदा विचारणा केली तरी भागतं. त्यासाठी वेबसॉकेट (सर्व्हरशी सतत उघडी जोडणी) उभारण्याची गरज नाही.

देवनागरीची परीक्षा

इंग्रजीतल्या तुलना वाचून निवड केली की मराठी फोरम नेमका इथे अडतो. पुढच्या गोष्टी प्रत्येक उमेदवारावर स्वतः करून पाहा.

सदस्यनाव. जँगोच्या मूळ नोंदणीत 'कमल' हे नाव चालतं आणि 'सीता' नाकारलं जातं. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुराचा साचा तपासणाऱ्या नियमात) शब्दातल्या अक्षराचं 'डब्ल्यू' हे जे चिन्ह आहे त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त बसत नाहीत, आणि नावाची तपासणी त्या चिन्हावर चालते. उपाय सोपा आहे, पण तो पहिल्या दिवशीच करावा लागतो: पहिलं मायग्रेशन चालवण्याआधी स्वतःचं यूजर मॉडेल तयार करा आणि त्यात अक्षर, अंक यांच्यासोबत युनिकोडचा 'मार्क' हा वर्गही चालेल असा नियम लिहा. टेबलं तयार झाल्यावर यूजर मॉडेल बदलणं त्रासाचं असतं. लॅराव्हेलचा 'अल्फा-नम' नियम मार्क वर्ग धरतो, त्यामुळे तिथे 'सीता'ला अडचण नाही. रुबी आणि जावास्क्रिप्टमध्ये 'डब्ल्यू' हे चिन्ह फक्त रोमन अक्षरांपुरतं आहे. तिथेही नियम स्वतः लिहा.

त्याच नियमात न दिसणारी अक्षरं, म्हणजे शून्य रुंदीचे जोडक आणि विभाजक, नावाच्या सुरुवातीला, शेवटी आणि एकापाठोपाठ एक येऊ देऊ नका. एखाद्या ज्येष्ठ सदस्याच्या नावामागे असं एक अक्षर चिकटवून हुबेहूब दिसणारा आयडी काढणं ही डुआयडींची जुनी खोड आहे.

धाग्याचा पत्ता. शीर्षकापासून पत्ता बनवणारं फंक्शन तपासा. 'पावसाळी भटकंती' दिलं तर जँगोचं स्लगिफाय मूळ अवस्थेत काहीच उरू देत नाही, आणि युनिकोड चालू केलं तर 'पवसळ-भटकत' करतं. रेल्सचं पॅरामीटराइज रिकामी ओळ परत देतं. तीच ओळ युनिक रकान्यात गेली की दुसरा मराठी धागा सेव्हच होत नाही. बरं, पत्ता बरोबर बनला तरी व्हॉट्सअॅपवर पाठवताना प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट आणि बाइटामागे तीन अक्षरं होतात. 'मराठी' या शब्दात पाच चिन्हं आहेत, त्यांची टक्केवारीच्या खुणांसकट पंचेचाळीस अक्षरं. पत्त्यात फक्त आकडा ठेवा. मराठीतले जुने फोरम 'नोड' आणि पुढे क्रमांक एवढ्यावर वर्षानुवर्षं चाललेत.

साठवण. पोस्टग्रेस घेतलंत तर यूटीएफ-८ एवढंच पाहा. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ८' नावाचा जुना प्रकार तीन बाइटांपुरताच आहे: मराठी त्यात बसते, पण प्रतिसादात पहिला स्मायली आला की एरर येते किंवा तिथून पुढचा मजकूर कापला जातो. 'यूटीएफ८एमबी४' हवं. मायएसक्यूएल ८ पासून तेच मूळ आहे, मात्र जुना डेटा आयात करताना टेबलं जुन्याच प्रकारात येऊ शकतात.

एकच शब्द, दोन रूपं. 'दऱ्या' लिहिताना काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ आणि हलन्त देतात, काही साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक. नजरेला दोन्ही सारखे, डेटाबेसला दोन वेगळे शब्द. युनिकोडच्या एनएफसी (सुटी चिन्हं जोडलेल्या प्रमाण) रूपात आणल्याने सुटा नुक्ता जोडला जातो, पण जोडकाचं रूप तसंच राहतं. आणि 'न दिसणारी अक्षरं काढून टाका' असा सरसकट नियम लावलात तर दऱ्यांचा दर्या होतो, डोंगर सोडून समुद्र! म्हणून क्रम असा ठेवा: आधी एनएफसी, मग 'र + हलन्त + जोडक' याच्या जागी 'ऱ + हलन्त', आणि त्यानंतर उरलेले जोडक काढा. 'ॲ' चंही असंच आहे. तो एक चिन्ह म्हणून येतो आणि 'अ'वर चंद्र देऊनही येतो. तोही एका रूपात आणा.

शोध. पोस्टग्रेसच्या मजकूरशोधात चौदाव्या आवृत्तीपासून हिंदीची शब्दमूळं आहेत, मराठीची नाहीत. हिंदीची मराठीला लावू नका, प्रत्ययांचे नियम वेगळे आहेत. 'सिंपल' हा प्रकार घ्या आणि पुढचं काम स्वतः करा. प्रतिसादाच्या टेबलात शोधासाठी वेगळा रकाना ठेवा. मूळ मजकुराला हात लावायचा नाही. त्या रकान्यात वर सांगितलेली रूपं एक करा आणि दीर्घ ई, ऊ ऱ्हस्व करा. शोधायला आलेल्या शब्दावरही हेच करा, त्याच्या शेवटचा स्वर काढा आणि 'इथून सुरू होणारे शब्द' असा शोध लावा. म्हणजे 'रस्ता' शोधणाऱ्याला 'रस्त' वरून 'रस्त्यावर', 'रस्ते' सापडतात, 'विहीर' शोधणाऱ्याला 'विहिरीत' सापडतं, आणि शुद्धलेखनाच्या चुकाही आपोआप पोटात जातात. 'दिन' आणि 'दीन' एक होतील, 'माळी' शोधल्यावर 'माळरान' येईल. फोरमच्या शोधात हे चालतं. काहीच न सापडण्यापेक्षा चार अवांतर निकाल बरे.

लिहिण्याची चौकट. साधी टेक्स्टएरिया ठेवा. देखणे एडिटर अँड्रॉइडच्या मराठी कीबोर्डवर अडखळतात, कारण कीबोर्ड अख्खा शब्द जुळवून मग सोडतो आणि एडिटर एकेका कळीची वाट पाहत असतो. जोडाक्षर अर्धं राहणं, कर्सर उडणं ही त्याची लक्षणं.

दोन दिवसांची चाचणी

दोन उमेदवार उरले की दोघांत एकच तुकडा बांधा: नोंदणी, धाग्यांची यादी, धाग्याचं पान, प्रतिसाद, कुलूप. मग खोटा डेटा भरा: १,००० सदस्य, १०,००० धागे, २,००,००० प्रतिसाद, आणि त्यातला एक धागा ५,००० प्रतिसादांचा. रिकाम्या डेटाबेसवर सगळीच फ्रेमवर्क चपळ दिसतात.

यादीचं पान उघडा आणि क्वेरी मोजा. तीस धागे, प्रत्येकाचा लेखक, शेवटचा प्रतिसादक आणि विभाग वेगवेगळा आणला तर ९० अधिक १ अशा ९१ क्वेरी होतात. नव्या फोरमच्या मंदपणाचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. जँगोत 'सिलेक्ट रिलेटेड', रेल्समध्ये 'इन्क्लूड्स', लॅराव्हेलमध्ये 'विथ' वापरून ही संख्या दहाच्या आत आली पाहिजे. लॅराव्हेलमध्ये 'प्रिव्हेंट लेझी लोडिंग' चालू केलं तर विकासाच्या वेळीच एरर येते. जँगोत टेस्टमध्ये क्वेरींची संख्या बांधून टाकता येते. अशी सोय वापरायला किती सोपी आहे, हे दोन्हीकडे तुलना करून पाहा.

प्रतिसादांची संख्या आणि शेवटच्या प्रतिसादाची वेळ धाग्याच्या ओळीतच साठवा, आणि 'विभाग + शेवटची वेळ' यावर इंडेक्स द्या. धागा वर येणं म्हणजे दुसरं काही नाही, हीच वेळ बदलते. आता एखाद्या साधनाने त्याच धाग्यावर एकाच क्षणी पन्नास प्रतिसाद मारा. आकडा बरोबर पन्नासने वाढला पाहिजे. एकोणचाळीसने वाढला तर तुम्ही संख्या वाचून, एक मिळवून परत लिहीत आहात. ती बेरीज डेटाबेसलाच करायला सांगा. प्रतिसादाचा क्रमांक देतानाही धाग्याच्या ओळीवर लॉक घ्या.

'न वाचलेले' दाखवण्यासाठी दर प्रतिसादामागे खूण ठेवू नका. सदस्य, धागा आणि शेवटचा वाचलेला क्रमांक एवढी एक ओळ पुरते.

कुलूप असं तपासा: एका खिडकीत प्रतिसादाचा फॉर्म उघडा ठेवा, दुसरीकडून धागा बंद करा, मग पहिल्या खिडकीतून पाठवा. गेला तर परवानगीची तपासणी फक्त बटण लपवण्यापुरती आहे.

शेवटी प्रतिसादात स्क्रिप्टचा टॅग आणि 'जावास्क्रिप्ट:' ने सुरू होणारी लिंक टाकून पाहा. लिहिलेला मूळ मजकूर आणि स्वच्छ केलेलं एचटीएमएल दोन्ही साठवा. स्वच्छतेचे नियम उद्या कडक केले तर मूळावरून सगळं पुन्हा तयार करता येतं. या स्वच्छतेसाठी पायथनमधली ब्लीच ही लायब्ररी आता सोडून दिलेली आहे, एनएच३ घ्या. पीएचपीत एचटीएमएल प्युरिफायर, रेल्समध्ये घरचं सॅनिटाइझ.

होस्टिंग, मेल, कायदा

शेअर्ड होस्टिंगवर लॅराव्हेल ठेवताना डोमेन फक्त 'पब्लिक' फोल्डरकडे वळवा. अख्खा प्रकल्प उघड्या फोल्डरमध्ये टाकला की डेटाबेसच्या पासवर्डची फाइल जगाला दिसते. जँगोसाठी व्हीपीएस (भाड्याचा स्वतंत्र आभासी सर्व्हर) लागतो. जँगो चालवणाऱ्या गुनिकॉर्नचे वर्कर 'कोअरच्या दुप्पट अधिक एक' एवढे ठेवायचा संकेत आहे, पण १ जीबी मेमरीत पोस्टग्रेसही असेल तर दोन-तीनवर थांबा. तयार डिस्कोर्सलाच १ जीबी आणि वर स्वॅप लागतो.

मेल स्वतःच्या सर्व्हरवरून पाठवायचा हट्ट नको. बऱ्याच व्हीपीएसवर २५ नंबरचं पोर्ट बंदच असतं, आणि उघडं असलं तरी नव्या आयपीचे मेल स्पॅममध्ये जातात. मेलसेवा घ्या, ५८७ पोर्ट वापरा, डोमेनला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या) तिन्ही नोंदी करा. प्रतिसाद आला की धाग्याच्या दोनशे वाचकांना मेल पाठवायचं काम रांगेत टाका; नाहीतर प्रतिसाद लिहिणारा 'पाठवा' दाबून मिनिटभर गोल चक्र फिरताना बघत बसेल आणि पुन्हा दाबेल.

भारतातून चालवायचं तर माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ लागू होतात. तक्रार अधिकाऱ्याचं नाव दिसलं पाहिजे, तक्रारीची वेळ नोंदली गेली पाहिजे, आणि काढलेला मजकूर १८० दिवस जपून ठेवावा लागतो. वर 'ओळ पुसायची नाही' म्हटलं त्याला हा दुसरा आधार. लॅराव्हेलमध्ये ही सोय एका ओळीची आहे; जँगोत 'कधी उडवला, कोणी उडवला' हे दोन रकाने आणि सगळ्या क्वेरींना गाळणी असं स्वतः करावं लागतं. गाळणी एका ठिकाणी राहून गेली की उडवलेले प्रतिसाद शोधात दिसतात.

आवृत्ती निवडताना, अॅप वर्षभर कोणी उघडून पाहणार नसेल तर जँगोची दीर्घ आधाराची ५.२ घ्या, तिला एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षेचे बदल मिळतात. लॅराव्हेलची मोठी आवृत्ती दरवर्षी येते आणि सुरक्षा दोन वर्षांपुरती असते, म्हणजे दर दीड वर्षाने कोणीतरी हात लावायला हवा.

जुन्या ड्रूपलवरून यायचं असेल तर धाग्यांचे क्रमांक तेच ठेवा आणि जुने पत्ते ३०१ ने ('पत्ता कायमचा बदलला' या संकेताने) नव्याकडे वळवा. ड्रूपल ७ चे पासवर्ड 'डॉलर-एस-डॉलर'ने सुरू होतात. जँगोत त्यांच्यासाठी एक हॅशर (पासवर्ड पडताळणारा भाग) लिहून यादीत शेवटी ठेवला तर सदस्य पहिल्यांदा लॉगिन करतो तेव्हाच पासवर्ड नव्या पद्धतीत जातो, कोणाला रीसेट करायला सांगावं लागत नाही. आयात संपल्यावर पोस्टग्रेसचा सिक्वेन्स (पुढचा क्रमांक देणारा मोजक) सगळ्यात मोठ्या क्रमांकाच्या पुढे सरकवा. तो आपोआप सरकत नाही, आणि फोरम उघडल्यावर पहिला नवा धागा टाकणाऱ्याला 'हा क्रमांक आधीच आहे' अशी एरर मिळते.